भुयार मॅडम आणि टाकळीच्या बाटल्या

अमरावतीत एका जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला एक संशोधन केंद्र आहे. केंद्राचं नाव इतकं लांब आहे की पाटी रंगवणाऱ्याला शेवटचे शब्द वळवून खाली लिहावे लागले, आणि पुढे ते बोगनवेलीने झाकले. ती वेल छाटायचा ठराव दोनदा झाला. दरम्यान ऑटोवाल्यांनी आपल्यापुरता प्रश्न सोडवून टाकला. ते त्या जागेला ‘भुयार मॅडमचं’ म्हणतात.

डॉ. कौशल्या भुयार तिथे पीएच.डी. झालेल्या पोरापोरींना शिकवतात. पीएच.डी. झाल्यावर आणखी शिकायचं काय उरतं, हा प्रश्न वऱ्हाडात रास्त समजला जातो आणि मॅडमना तो लग्नाच्या पंगतीत हमखास विचारला जातो. प्रयोगशाळेत लागलेला शोध रोग्याच्या खाटेपर्यंत नेऊन पोचवायचा, ही त्यांची विद्या. तिला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे. मॅडम ते अनुदानाच्या अर्जात वापरतात. पंगतीत म्हणतात, “सयपाक झाला न, बाप्पा. आता ताटात कोन वाढते, थे पाहा लागते.” विचारणारा मान डोलावतो आणि जिलेबी मागवतो.

मॅडम मूळच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या. घरी काळी जमीन, बैल, आणि बोलण्यात आडपडदा नसलेली माणसं. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एका प्रथिनावर घालवली. मूत्रपिंड बिघडू लागलं की हे प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. घरातलं भांडण आधी शेजाऱ्याला कळावं, तसं ते बाहेर आधी दिसतं. मॅडमचे निबंध जगात मोजकी माणसं वाचत, आणि त्या मोजक्या माणसांचे निबंध मॅडम वाचत. व्यवहार सचोटीचा होता. फक्त मूत्रपिंड असलेलं माणूस त्यात कुठे येत नव्हतं.

मग त्या परत आल्या. यामागे काही हेलावून टाकणारा प्रसंग असणार, असं सत्कार करणाऱ्यांना वाटतं. तसं काही नव्हतं. यजमान उद्धवरावांना अमरावतीतली गणिताच्या मास्तरांची नोकरी सोडायची नव्हती आणि मॅडमना मुंबईत मिळणारी तूरडाळ पटत नव्हती.

केंद्रात नव्याने आलेल्या पोराला मॅडम पांढरा कोट देत नाहीत. त्याला आधी डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर, नातेवाइकांच्या रांगेत बसवतात. तिथे बसून त्याने आपलं संशोधन शेजारच्या माणसाला समजावून सांगायचं. पास-नापासाचा निकष मॅडमचा स्वतःचा आहे. “आपला मानूस ‘हो न, बराबर आहे, बराबर आहे’ म्हनला, का समजाचं, त्याचं ध्यान घराकडं लागलं. ‘काहून?’ म्हनला, का समजाचं आयकून राहिला.” या ‘काहून’च्या, म्हणजे ‘का’च्या, निकषावर भलेभले सुवर्णपदकवाले महिना महिना नापास झाले आहेत.

मॅडमच्या हातचा सर्वांत नावाजलेला विद्यार्थी म्हणजे केदार. तो आता हैदराबादेत एका मोठ्या कंपनीत आहे, आणि कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी मॅडमना फोन करतो. मॅडमना याचा अभिमान होता. एकदा जेवताना त्यांनी तो उद्धवरावांपुढे बोलूनही दाखवला.

उद्धवराव निवृत्त झाले तरी उत्तर तपासायची सवय गेली नव्हती. ते म्हणाले, “कौशल्या, तू संशोधक नाई घडवला. तू हैदराबादले आपली शाखा उघडली.”

“तुमाले काय समजते त्यातलं?”

तेवढ्यात फोन वाजला. केदार विचारत होता, दोन पंपांपैकी कोणता घेऊ? मॅडमनी कोणता ते सांगितलं, का ते सांगितलं, आणि जुन्या पंपाचं काय करायचं तेही सांगितलं. तोवर उद्धवराव अत्यंत सौम्य चेहऱ्याने वांग्याचं देठ चोखत होते.

त्या जेवणानंतर मॅडमनी मनाशी ठरवलं की पुढच्या पोराला उत्तरं द्यायची नाहीत. निश्चय पक्का होता. आयुष्यात एकदाही गप्प न बसलेल्या बाईचा होता, म्हणून त्याची किंमत जास्त.

पुढचं पोर म्हणजे यशोधन पिंपळखुटे. अंबापेठेतलं वकिलांचं घराणं. आजोबा वकील, वडील वकील, बहीण वकील; घरात समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणी शिंकत नाही. यशोधन पुण्याहून पीएच.डी. करून आला तो कागदाची एक पट्टी घेऊन. पट्टी लघवीत बुडवायची. मॅडमचं ते जुनं प्रथिन त्यात असलं तर जांभळी रेघ उमटते. मोठ्या तपासणीला शहर गाठावं लागतं, या पट्टीला गावातली आशाताई पुरेल. कल्पना अशी की खाटेवर पडायच्या आधीच माणसाला कळावं.

पोरगा हुशार होता आणि अडचण येईल इतका सभ्य होता. बाकावर बसून तो “माफ करा, आपला थोडा वेळ घेऊ का?” असं सुरू करायचा. लोक त्याला “बराबर आहे” म्हणायचे, आणि एका आजीने तर न ऐकताच आशीर्वाद दिला. पहिलं ‘काहून’ मिळालं त्या दिवशी त्याने घरी पेढे नेले. वडिलांनी पेढ्याचं कारण विचारलं, पण ते त्यांना नीट समजावता आलं नाही.

पट्टी प्रयोगशाळेत चोख चालली. शहरातल्या रोग्यांवरही चालली. प्रश्न आला खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, भातकुलीपासून अकोल्याच्या पलीकडपर्यंत, जमिनीखालचं पाणीच खारट आहे. तिथे मूत्रपिंडाच्या तक्रारी फार, असं सगळे सांगतात. कशाने, यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. यशोधनपुढचा सवाल त्याहून लहान होता. खारं पाणी पिणाऱ्या माणसाच्या लघवीतल्या क्षारांमुळे पट्टीचा रंग चुकतो की काय? चुकत असेल तर किती? ते कळलं की पट्टीवर क्षार मोजणारा दुसरा एक ठिपका लावून चूक दुरुस्त करता येईल. म्हणून टाकळीतल्या घरोघरच्या माणसांची लघवी तपासायची, आणि ती माणसं पितात ते पाणीही तपासायचं.

वऱ्हाडात टाकळी नावाची गावं इतकी आहेत की नुसतं टाकळी म्हणणं म्हणजे न सांगण्यासारखंच. ही भातकुलीकडची टाकळी.

गावात जाण्याचे नियम मॅडमनी स्वतः लिहून दारामागे चिकटवले होते. आदल्या दिवशी निरोप द्यायचा. धुतलेला शर्ट घालायचा. चपला बाहेर काढायच्या. ‘आपण पिता ते पाणी द्या’ असं नम्रपणे म्हणायचं. यशोधनने सगळे नियम पाळले. न सांगतासुद्धा त्याने ते पाळले असते.

आणि घोटाळा झाला. काही घरांत पट्टी मोठ्या तपासणीशी जुळली, काही घरांत सपशेल चुकली. इथवर अपेक्षेप्रमाणेच होतं. पण पाण्याच्या बाटल्या तपासल्या, तर सगळ्या बाटल्यांत गोड पाणी. खारपाणपट्ट्याच्या पोटात वसलेल्या टाकळीत खारं पाणी पिणारं एकही घर नाही! मग पट्टी चुकली कशाने? उगाच?

उगाच चुकणारी पट्टी कोणी पुढे जाऊ देत नसतं. पुढच्या सोमवारी अकोल्यात समितीची बैठक होती. पट्टी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत आजमावायची की इथेच थांबवायची, हे तिथे ठरणार होतं. थांबली तर यशोधनची शिष्यवृत्ती थांबणार. केदारने हैदराबादेत त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होतीच.

“अजून एकदा जाऊन पाहू,” मॅडम म्हणाल्या. नियमाप्रमाणे निरोप गेला आणि दोघं टाकळीला गेले.

शेतकरी जानराव काळमेघ ओसरीवर उभेच होते. “या मॅडम, या सायेब! अवो शकुन, खुर्च्या आन.” खुर्च्या शेजारून आल्या, कारण जानरावांच्या घरची माणसं खाली बसतात.

“चाय मांडला हाय,” शकुनबाई आतून म्हणाल्या. “साखर चालते न, मॅडम?”

“चालते. सढळ हातानं टाक, बाई.”

यशोधनने बाटली पुढे केली. “जानरावजी, आपण रोज जे पाणी पिता, तेच यात मिळेल का?”

“हो न, सायेब.”

“म्हणजे नेहमीचंच.”

“हो न, नेहमीचंच. बराबर आहे.”

“दुसरं कुठलं नको.”

“हो हो. दुसरं कायले देऊ?”

मॅडमच्या कानाने तिन्ही ‘हो’ टिपले. पण काही कळायच्या आत चहा आला. मॅडमनी घोट घेतला. चहा फक्कड होता. दुसऱ्या घोटाला त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि दूध टाकलं की फाटतं, त्या पाण्याचा चहा फक्कड होईलच कसा? त्यांनी मान न वळवता डोळे फिरवले. आतल्या दाराच्या आड, ओल्या फडक्याने पुसून ठेवलेला, फाट्यावरच्या गोड्या पाण्याच्या प्लांटमधला वीस लिटरचा निळा कॅन उभा होता. शकुनबाई त्यातून यशोधनची बाटली भरत होत्या, अगदी काठोकाठ, मानाने.

मॅडमना सगळं एका दमात उमगलं. दारात साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी निरोप येतो. पाहुण्याला खारं पाणी कोण देईल? कॅन येतो. बाटलीही पाहुण्याचीच, मग तिच्यात तरी खारं पाणी कसं भरायचं? साऱ्या गावाने मिळून त्यांना पाहुणचार भरून दिला होता, आणि त्यांनी तो अमरावतीला नेऊन मीटरने मोजला होता.

चूक पोराची नव्हती. दारामागच्या नियमांची होती. नांदगावकडचं पाणी गोड. गोड्या पाण्याच्या गावात वाढलेल्या माणसाला पाण्याची लाज ठाऊक नसते.

त्या बोलायला म्हणून तोंड उघडणार, तोच त्यांना उद्धवराव दिसले. म्हणजे टाकळीत नव्हे, मनात. वांग्याच्या देठासकट.

मॅडमनी चहा संपवला.

परतीच्या वाटेवर गाडी यशोधन चालवत होता आणि तर्कही तोच लढवत होता. “मॅडम, बाटलीचं प्लास्टिक क्षार शोषून घेत असेल का?”

“हं.”

“किंवा मीटरच बिघडलं असेल.”

“हं.”

“की यंदा पावसाने भूजलच पातळ झालं असेल?”

यावर मॅडमनी खिडकीची काच खाली केली आणि चेहरा वाऱ्यावर धरला. भूजल पातळ होतं हे त्यांनी ऐकून घेतलं, यातच त्या दिवशीचा पराक्रम आला.

त्यानंतरचा आठवडा केंद्राला जड गेला. मॅडम गप्प आहेत, ही बातमी पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत, दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत पोचली. कोणी म्हणे बदली झाली, कोणी म्हणे दाढ काढली. घरी उद्धवरावांनी कपाळाला हात लावून पाहिला.

“तब्येत बरी नाई काय?”

मग मॅडमनी त्यांना कॅनची गोष्ट सांगितली. ऐकून उद्धवराव ताठ बसले. “मंग सांगून दे न त्याले! सोमवारी बैठक हाय.”

“तुमीच म्हनत होते, शाखा उघडली, शाखा उघडली.”

“म्हनलो मी. पन थो विनोद होता. इथं पोराचं भवितव्य हाय, बाई.”

“हाय त हाय. मी सांगतलं, त बैठक पार पडीन. पुढच्या गावात पुन्हा अडलं, त पुन्हा मलेच फोन करीन. त्यापुढच्यातई मलेच.”

“अन् नाईच सुचलं त्याले त?”

बरंच ओढून-ताणून तडजोड झाली. शनिवारपर्यंत गप्प. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोराला उमगलं नाही, तर सांगून टाकायचं. चूक स्वतःची असल्यामुळे गप्प बसणं मॅडमना सोपं जायला हवं होतं. तसं काही गेलं नाही. उलट रोज सकाळी दारामागचा तो कागद बघितला की जीभ वळवळायची.

गुरुवारी यशोधन त्यांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. डोळे तांबडे, शर्ट मात्र इस्त्रीचा.

“मॅडम, केदारला फोन केला होता. तो म्हणाला, एवढा विचार कशाला करतोस, मॅडमना विचार. त्यांना ठाऊक असतं.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. “तुले सोताले काय वाटते?”

“मला एकच गोष्ट खटकतेय. घरं वेगळी, विहिरी वेगळ्या, बोअर वेगळे. आणि पाणी सगळं एका आईच्या पोटचं असल्यासारखं सारखं. नुसतं गोड असतं तर समजू शकलो असतो. इतकं सारखं कसं?”

“काहून सारखं?”

“तेच विचारतोय.”

“मले नको विचारू,” असं म्हणून मॅडम उठल्या आणि तरातरा आवारात जाऊन बोगनवेलीसमोर उभ्या राहिल्या. आणखी थोडा वेळ आत थांबल्या असत्या तर कॅन तोंडातून बाहेर पडला असता. यशोधनला वाटलं, त्या आपल्यावर कायमच्या रागावल्या. तो जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो केंद्रात आलाच नाही.

पुढचं मॅडमना नंतर कळलं, तेही तीन तोंडांतून. तिन्हींत जुळतं तेवढंच इथे दिलं आहे.

शुक्रवारी यशोधनने मोटारसायकल काढली आणि कोणालाही निरोप न देता टाकळी गाठली. दारामागचे सगळे नियम त्या दिवशी मोडले. शर्टाचा तर आपोआप मोडला, कारण वाटेत चेन उतरली आणि ती बसवताना पुढचा भाग काळा झाला. जानराव नुकतेच वावरातून येऊन जेवायला बसले होते. वंगणाने माखलेला साहेब दारात पाहून शकुनबाईंनी पदर तोंडाला लावला.

“अवो माय! निरोप नाई, काई नाई, असे कसे आले, सायेब?”

“भूक लागली,” यशोधन म्हणाला. अंबापेठेतल्या तीन पिढ्यांत इतकं लहान वाक्य कोणी बोललं नसेल.

त्याला जानरावांच्या शेजारी पाट मिळाला. भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. शकुनबाईंनी सुनेला हाक मारली, “सीमा, जाय वो, माणिकबाईकडून तांब्याभर पानी आन. त्याईच्या घरी असन.”

माणिकबाई शेजारीण. यशोधनचा घास हातातच राहिला. घरात माठ होता. माठाला ओल होती, म्हणजे भरलेला होता. आणि पाणी शेजारून येणार होतं.

तो उठला. उष्टा हात मागे धरून, डाव्या हाताने त्याने माठावरचं झाकण सरकवलं, पेला बुडवला, आणि घटाघटा प्यायला. पहिल्या घोटाला त्याचे डोळे मिटले, दुसऱ्याला खांदे वर गेले. पेला मात्र त्याने रिकामा केला.

मग शकुनबाईंनी कपाळावर हात मारला. “पाहुन्यानं उठून पानी घेतलं, माय! लोक काय म्हनतीन मले?”

“उठून घेतलं, त मंग पाहुना राह्यला कोठी थो?” जानराव म्हणाले, आणि असे हसले की त्यांना ठसका लागला आणि त्याच माठातलं पाणी प्यावं लागलं.

“जानरावजी, मग त्या बाटल्या?” यशोधनने विचारलं.

“थ्या कॅनच्या. फाट्यावरच्या.”

“पण मी तीनदा विचारलं होतं, रोजचं पाणी द्या म्हणून!”

“इचारलं न. पन आदल्या दिवशी निरोप धाडता, कडक कपडे घालून येता, खुर्चीवर बसता, अन् मंग सायेबाच्या बाटलीत खारं पानी भरू काय? इतके बह्याड दिसलो काय आमी?”

“सगळ्या गावाने कॅनचंच दिलं?”

“नाई त काय! त्या दिवशी फाट्यावर कॅन नाई भेटले, इतके उठले. अर्ध्या गावानं एकाच कॅनवर भागवलं.”

यशोधन जेवण पुरं करून उठला आणि घरोघर गेला. प्रत्येक घरी तेच. ओसरीवर टेकायचं नाही, खुर्ची नको म्हणायचं, सरळ माठाशी. बायका ओरडत, पोरं मागे धावत, म्हातारे काठी आपटून हसत. टाकळीत ती दुपार अजून सांगतात. मीटर खिशात होतं, बुडवलं की आकडा दाखवत होतं; पिऊन बघायची काही गरज नव्हती. पण तो प्रत्येक घरी अर्धा पेला तरी प्यायला. शास्त्राला याचा उपयोग शून्य. परिणाम मात्र शनिवारी दिसले, आणि तो दिवसभर घराबाहेर पडू शकला नाही.

म्हणून शनिवारी संध्याकाळी मॅडमचा फोन वाजला तेव्हा यशोधनचा आवाज फार क्षीण होता. मॅडम त्याला सांगायला म्हणून फोन हातात घेऊनच बसल्या होत्या. समोर उद्धवराव, घड्याळाकडे बघत.

“मॅडम, पाणी खारं आहे.”

मॅडमनी उद्धवरावांना हाताने खूण केली.

“एकेका घरचं वेगळं. पट्टी जिथे जास्त चुकली, तिथे जास्त खारं. अगदी ओळीने लागतंय. आपण पाहुणे म्हणून गेलो होतो, मॅडम. सगळी चूक तिथेच.”

“साखर-मीठ-पानी घेत राह्य,” मॅडम म्हणाल्या. “नाई, मीठ राहू दे. मीठ झालं तुयं.” फोन ठेवून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. उद्धवरावांनी तो प्रसंग पाहिलाच नाही असं दाखवलं आणि लगबगीने चहा मांडायला गेले, जे ते एरवी करत नाहीत.

सोमवारी अकोल्यात सभागृहाचा पंखा आवाज करत होता आणि समितीचे अध्यक्ष, बाहेरून आलेले एक वयस्क डॉक्टर, कपाळाला आठ्या घालून बसले होते. यशोधनने पट्टीपासून सुरुवात केली नाही. आधी त्याने दोन आलेख दाखवले: एक कॅनचा, एक माठांचा. पहिल्यात सगळे ठिपके एका रेषेत गुपचूप बसलेले; दुसऱ्यात गाव पसरावं तसे पसरलेले. मग त्याने पाटावरून उठल्याची हकिगत सांगितली, अगदी पूर्ण वाक्यांत. समितीतले दोघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

“म्हणजे पद्धतच चुकीची होती,” ते म्हणाले. “ही पद्धत ठरवली कोणी?”

यशोधन अडखळला. वकिलाचं रक्त, अशील वाचवायचं कसं, याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मागच्या रांगेतून आवाज आला, “मी.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही तर याच भागातल्या ना?”

“म्हनून त चुकली,” मॅडम म्हणाल्या. “बाहेरचा असता, त इचारून लिहलं असतं.”

आता अध्यक्षही हसले. आठ्या मात्र तशाच राहिल्या, बहुधा त्या कायमच्याच होत्या. पट्टी मंजूर झाली. तिच्यावर क्षारांचा ठिपका लावायचा, आणि गावात जायचे नियम नव्याने लिहायचे, या दोन अटींवर. आरोग्य केंद्रांतली चाचणी पावसाळ्यानंतर सुरू करायची, आणि ती यशोधन पिंपळखुटे यांनीच करायची.

परतताना मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली. यशोधनने कपात दोनदा फुंकर मारली आणि विचारलं, “मॅडम, तुम्हाला कधी कळलं?”

मॅडमना खोटं बोलता येत नाही. तेवढा सराव कधी झाला नाही. “जानरावाच्या घरी. चाय पेताना.”

“म्हणजे आठवडाभर आधी.”

“हो.”

पिंपळखुट्यांच्या घरात राग आला तर माणूस ओरडत नाही, वाक्य लांबवतो. यशोधन म्हणाला, “म्हणजे मी रात्रंदिवस प्लास्टिक, मीटर आणि भूजल यांवर संशय घेत असताना, आणि माझे वडील हैदराबादेत भाड्याने घर शोधत असताना, ज्या एका व्यक्तीला सगळं माहीत होतं, ती व्यक्ती बोगनवेल बघत उभी होती.”

“शनिवारी सांगनार होते.”

“मला शुक्रवारी कळलं.”

“म्हनून त नाई सांगतलं.”

त्याने चहा संपवला. मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने मॅडमसमोर ठेवला. “नवे नियम. काल लिहिले. शेवटचा आधी वाचा.”

शेवटचा नियम असा होता: भुयार मॅडमनी गावात येऊ नये.

“मी?” मॅडमनी कप आपटला. “अरे, शेतकऱ्याची पोरगी हाय मी! तू अंबापेठेतला जाशीन, अन् मी नाई?”

“मी आता पाहुणा नाही. तुम्ही आहात. तुम्ही दिसलात की शकुनबाई फाट्यावर माणूस पाठवतात. आणि खरं सांगा, मी तुमच्यासमोर कोणाच्या माठात पेला बुडवला असता, तर तुम्ही पहिल्या ओरडल्या असत्या.”

मॅडमनी खरं सांगायचा प्रयत्न केला. खरं हेच होतं. त्या गाडीत जाऊन बसल्या.

मूर्तिजापूर ते बडनेरा त्यांनी तो कागद दोनदा वाचला. नियम चांगले होते. निरोप न देता जावं. जुने कपडे घालावेत. खुर्ची घेऊ नये. आणि चौथा: घरात शिरताच स्वतः उठून माठातलं पाणी घ्यावं. तिथे मॅडमचं बोट थांबलं. सगळी घरं जानरावांची नसतात. काही घरांत माठाला परक्याचा हात चालत नाही. कोणाचा हात चालतो आणि कोणाचा नाही, याचे हिशोब गावोगाव वेगळे, आणि ते कुठल्याच कागदावर लिहिलेले नसतात. हा नियम पुढच्या गावात पहिल्या दुपारीच तोंडावर आपटणार होता.

“कसे वाटले?” यशोधनने रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

मॅडमनी कागदाची घडी घातली, ती नखाने दाबली आणि कागद त्याच्या खिशात परत सरकवला.

“अक्षर चांगलं हाय,” त्या म्हणाल्या, आणि काच खाली करून बाहेरच्या तुरीकडे बघू लागल्या.